गोड वाइनची चव आणि द्राक्षतोडणीचा दिवस

नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागाइतदारास द्राक्षाची गोडी ओळखावयास शिकवावे लागत नाही. मणी तोंडात टाकताच घड तोडणीस आला किंवा कसे, हे तो सांगू शकतो. परंतु खाण्याचे द्राक्ष चाखणे निराळे, आणि द्राक्षापासून तयार झालेली गोड वाइन चाखून तीवरून बागेची परीक्षा करणे निराळे. सन २००० च्या सुमारास जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांना नव्याने चालना मिळाली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि पुढे दिंडोरी, निफाड, इगतपुरी व नाशिक या तालुक्यांत वाइनच्या जातींच्या बागा उभ्या राहिल्या. यांपैकी काही बागांतील घड नेहमीच्या तोडणीनंतरही मुद्दाम वेलीवर ठेवण्यात येतात. मणी सुरकुतू लागले म्हणजे ते तोडून त्यांची गोड वाइन करण्यात येते. ही वाइन जेवणाच्या शेवटी, मिष्टान्नाच्या वेळी, लहान पेल्यातून घेतात. सुला कंपनीची शेनिन ब्लाँ जातीची अशी वाइन ‘लेट हार्वेस्ट’, म्हणजे उशिराच्या तोडणीची, या नावाने विकली जाते. इगतपुरी तालुक्यातील व्हॅलोन या वाइनरीने आपल्या गोड वाइनला ‘पासरियाज’ हा फ्रेंच शब्द लावला आहे. त्याचा अर्थ मणी वेलीवर किंवा तोडणीनंतर सुकू देणे, असा आहे.

घड अशा रीतीने राखून ठेवण्यात बागाइतदाराचे वजन घटते, पाखरांचे व अवकाळी पावसाचे भय वाढते आणि वेलीची विश्रांती लांबते. मग त्याबदल्यात मिळते काय, आणि घड राखावा तरी किती दिवस? या प्रश्नाचे निम्मे उत्तर रिफ्रॅक्टोमीटरमध्ये असते व निम्मे पेल्यात. यास्तव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेनिनची लागवड केलेल्या शेतकरी बंधूंनी गोड वाइनची चव कशी पाहतात हे समजून घेणे अगत्याचे आहे. ही चव पाहणे म्हणजे पिणे नव्हे. घोटभर वाइन तोंडात फिरवून ती थुंकून टाकावयाची असते. २१ वर्षांखालील व्यक्ती, गरोदर स्त्रिया व वाहन चालविणारे यांनी यात पडू नये. तसेच घरच्या घरी वाइन तयार करणे परवान्याशिवाय कायद्याने निषिद्ध आहे, हेही येथेच सांगून ठेवणे बरे.

फ्रान्सची रीत

गोड वाइनचा विषय निघाला म्हणजे फ्रान्समधील सोतेर्न या मुलखाचे नाव प्रथम घ्यावे लागते. ज्या बोर्डो शहराच्या नावाने मोरचूद व चुन्याचे मिश्रण आपण केवड्यावर फवारतो, त्याच शहराच्या आग्नेयेस सुमारे ४० किलोमीटरवर हा मुलूख आहे. तेथे सिरों नावाची थंड पाण्याची लहान नदी गारोन या मोठ्या व तुलनेने उबदार नदीस मिळते. त्यामुळे शरद ऋतूत पहाटे दाट धुके पडते आणि दुपारी ऊन पडून ते विरते. सकाळी ओल व दुपारी कोरडे ऊन, अशा हवेत पिकलेल्या मण्यांवर बोट्रायटिस नावाची राखी बुरशी वाढते. तिच्यामुळे सालीस सूक्ष्म छिद्रे पडून आतील पाणी उडून जाते, आणि साखर, आम्ल व सुवास मागे राहून दाट होतात. मजूर एकाच बागेत काही आठवड्यांत अनेक वेळा फिरून केवळ तयार झालेले मणी वेचतात. शातो दिकेम हा तेथील सर्वांत प्रख्यात मळा. १८५५ च्या प्रतवारीत सोतेर्नमधील या एकाच मळ्यास सर्वांहून वरची स्वतंत्र श्रेणी मिळाली. तेथे एका वेलीमागे जेमतेम पेलाभर वाइन निघते, असे म्हणतात. आपल्याकडील बागाइतदारास हे ऐकून हसू येईल, पण त्या पेल्याचा दर ऐकल्यावर ते थांबेल.

आपल्या दृष्टीने सोतेर्नपेक्षाही जवळचा मुलूख म्हणजे लुआर नदीचे खोरे होय. शेनिन ब्लाँ ही जात मूळची तेथील. कोतो द्यु लेयों, वुव्रे इत्यादी ठिकाणी याच जातीच्या गोड वाइन होतात. या जातीचा मोठा गुण असा की, साखर पुष्कळ चढली तरी तिचे आम्ल एकदम ढासळत नाही. नाशिकच्या गोड वाइनसाठी शेनिन निवडली जाते, यामागील कारण हेच. टेबलासाठी वाढविलेले थॉमसन किंवा सोनाका बाजार पडला म्हणून वेलीवर ठेवून त्याची अशी वाइन व्हावी, ही अपेक्षा व्यर्थ आहे. त्यात साखर येईल, पण आम्ल व सुवास कोठून येणार?

आता मुख्य भेद पाहा. फ्रान्समध्ये द्राक्ष उन्हाळ्यातून हिवाळ्याकडे जाताना पिकते. घड जसजसा उशिरापर्यंत राखावा, तसतशा रात्री थंड होत जातात, आणि थंडीत आम्ल टिकून राहते. नाशिकात चक्र उलट आहे. आपण सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करतो, जानेवारीच्या थंडीत मणी पिकू लागतो, आणि त्यापुढे घड राखला तर तो फेब्रुवारीतून मार्चच्या उन्हात जातो. म्हणजे तेथे उशीर थंडीकडे नेतो, येथे उष्म्याकडे. उष्म्यात द्राक्षातील मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च होते. टार्टारिक आम्ल तुलनेने टिकते, पण ते एकटे पुरत नाही. शिवाय आपली त्या दिवसांतील हवा कोरडी असल्याने ती हितकारक बुरशी बहुधा येत नाही. मणी केवळ उन्हाने व वाऱ्याने सुकतो. आणि अवेळी पाऊस झालाच, तर उबदार ओलीत बुरशीपेक्षा आंबट कूज व चिलटे आधी येतात. म्हणून फ्रान्समध्ये जे काम ऋतू करतो, ते नाशिकात बागाइतदाराने तोडणीचा दिवस अचूक धरून करावे लागते. सोतेर्नची नक्कल करण्याचा हट्ट धरू नये. आपली वाइन सोतेर्नसारखी लागावयाची नाही, पण ती आपल्या परीने उत्तम लागू शकते.

साखर किती, आणि आंबटपणा किती

साध्या वाइनसाठी शेनिन साधारणतः २२ ब्रिक्सच्या आसपास तोडतात. २२ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे २२ ग्रॅम विरघळलेले पदार्थ असून त्यांत बहुतेक साखरच असते. रस आंबविताना दर लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर खर्च होऊन १ टक्का मद्यार्क तयार होतो. आता घड ३० ब्रिक्सपर्यंत राखला असे धरा. अशा एक लिटर रसात अंदाजे ३२० ग्रॅम साखर असते. मद्यार्क १२ टक्के झाल्यावर आंबण्याची क्रिया थांबविली, तर १२ गुणिले १७, म्हणजे २०४ ग्रॅम साखर खर्ची पडली आणि सुमारे ११५ ग्रॅम शिल्लक राहिली. वाइन अतिशय थंड करून, यीस्ट गाळून काढून व मोजका गंधक वायू देऊन ही क्रिया थांबवितात. वरून साखर घालून गोडी आणलेली नसते. ती वेलीवर तयार झालेली असते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

लिटरला ११५ ग्रॅम साखर म्हणजे चांगल्या सरबतापेक्षा कमी नाही. मग अशी वाइन चिकट व गोडमिट्ट का लागत नाही? याचे उत्तर आपल्या घरातील कैरीच्या पन्ह्यात आहे. पन्ह्यात गूळ पुष्कळ असतो, तरी कैरी त्यास तोलून धरते. कैरी कमी पडली की तेच पन्हे गुळाचे पाणी होते. गोड वाइनची परीक्षा मुख्यतः या तोलाची परीक्षा होय.

हे पटविण्यासाठी वाइनची मुळीच आवश्यकता नाही. कार्यकर्त्यांनी गावच्या सभेत पुढील प्रयोग करून दाखवावा. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम साखर विरघळवावी व त्याचे २०० मिलिलिटरचे तीन पेले भरावेत. पहिला तसाच ठेवावा. दुसऱ्यात गाळलेला कागदी लिंबाचा रस १० मिलिलिटर व तिसऱ्यात २० मिलिलिटर घालावा. लिंबाच्या रसात सुमारे ६ टक्के आम्ल असते, त्यामुळे दुसऱ्या पेल्यात लिटरला अंदाजे ३ ग्रॅम व तिसऱ्यात ६ ग्रॅमच्या जवळपास आम्ल होईल. कोणता पेला कोणता हे न सांगता सर्वांना चाखावयास द्यावे. पहिल्या पेल्यात साखर अधिक आहे, असे बहुतेक जण सांगतील. वास्तविक साखर तिन्हींत जवळजवळ सारखीच आहे. तिसरा पेला चाखल्यावर तोंडाला पाणी सुटते व दुसरा घोट घ्यावासा वाटतो. पहिल्याचा दुसरा घोट नकोसा होतो. चांगली गोड वाइन या तिसऱ्या पेल्याच्या जातीची असते.

चव पाहण्याची कृती

नव्या, म्हणजे एक-दोन वर्षांच्या, गोड वाइनची चव पाहताना ती ८ ते १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड असावी. गरम वाइनमध्ये साखर व मद्यार्क पुढे येतात आणि आंबटपणा दडून जातो. फार थंड केली तर वासच उठत नाही. पेला लहान, तळाशी रुंद व तोंडाशी निमुळता घ्यावा आणि त्यात ३०-४० मिलिलिटरपेक्षा अधिक ओतू नये. जवळ पिकदाणी, पिण्याचे पाणी व साधा पाव असावा. तंबाखू, पान किंवा मसालेदार जेवण झाल्यावर तासभर तरी चव पाहू नये. आमच्या काही मंडळींना हे पथ्य सर्वांत अवघड जाते, असा अनुभव आहे.

प्रथम पेला पांढऱ्या कागदापुढे धरावा. नव्या वाइनचा रंग फिकट गवती ते सोनेरी असतो. वय वाढते तसा तो पिवळाधमक व अखेर तपकिरी होतो. दोन वर्षांच्या आतच तपकिरी छटा दिसली, तर द्राक्ष उन्हाने भाजले असावे किंवा रसास हवा लागली असावी. त्यानंतर पेला हलकेच फिरवून वास घ्यावा. नव्या सोतेर्नमध्ये जर्दाळू, संत्र्याची साल, मध व अननस यांची आठवण होते, आणि नव्या ओकच्या पिंपात ठेवल्यामुळे व्हॅनिलाचाही वास येतो. नाशिकच्या शेनिनमध्ये पिकलेला पेरू, मध, सुके अंजीर, कधी पिकल्या आंब्याची छटा आढळते. हे पदार्थ वाइनमध्ये घातलेले नसतात. आंबताना जे सुवासिक पदार्थ तयार होतात, त्यांपैकी काही या फळांतही असतात, इतकाच त्याचा अर्थ. ज्यास पेरू आठवेल त्याने पेरू म्हणावे. पुस्तकातील परदेशी फळांची नावे पाठ करून सांगण्यात काही लाभ नाही.

मग छोटा घोट तोंडात घेऊन सर्वत्र फिरवावा. गोड जिभेच्या टोकाला व आंबट कडेला कळते, असा समज शाळेपासून आपल्या मनात बसलेला आहे. तो बरोबर नाही. सर्व चवी जिभेच्या सर्वच रुचिस्थानी कळतात. म्हणून घोट एका जागी न धरता आठ-दहा सेकंद खेळवावा व थुंकून टाकावा. त्यानंतरचे अर्धे मिनिट महत्त्वाचे आहे. तोंडात लाळ सुटून स्वच्छ वाटले, तर आम्ल पुरेसे आहे. ओठ चिकटले व घशात जडपणा राहिला, तर घड गरजेपेक्षा अधिक दिवस उष्म्यात राहिला, असा तर्क करण्यास हरकत नाही. सुवास किती वेळ टिकतो हेही मनात मोजावे. क्षणात विरणारी चव बहुधा जास्त घड धरलेल्या वेलीची असते.

प्रस्तुत लेखकाने एक नवी सोतेर्न व एक नाशिकची उशिराच्या तोडणीची शेनिन शेजारी शेजारी ठेवून चाखली आहे. सोतेर्न अधिक दाट व अनेकपदरी होती, यात शंका नाही. परंतु तिची साखर, ओक व मद्यार्क अद्याप एकजीव झालेले नव्हते. अशी वाइन कित्येक वर्षे, प्रसंगी दशके, थांबण्यासाठीच केलेली असते. नाशिकची वाइन हलकी व मोकळी होती. ती आज प्यावी अशीच होती. तिच्यात एकच उणीव जाणवली, ती म्हणजे शेवटी आंबटपणा थोडा लवकर संपत होता. तो दोष वाइन करणाऱ्याचा की बागेचा, हे पेल्यावरून ठरत नाही. पण आपल्या मार्चच्या उन्हाची ती खूण असू शकते.

काही दोष मात्र थेट बागेकडे बोट दाखवितात. सडक्या अंड्यासारखा वास आला, तर भुरीसाठी तोडणीच्या तोंडावर गंधक फवारले गेले होते काय, याची चौकशी करावी. मण्यावर उरलेल्या गंधकापासून आंबताना हा वास तयार होतो. मणी सुकताना पाणी जाते व सालीवरील अंश तसाच राहतो, म्हणून राखलेल्या घडांच्या बाबतीत अखेरच्या फवारणीनंतरचे दिवस अधिकच काटेकोरपणे पाळावेत. शिरक्याचा किंवा नखरंगासारखा उग्र वास हा फुटलेले, चिलटे बसलेले मणी वेचून न टाकल्याचा परिणाम असतो. जळक्या काडीचा वास मात्र वाइनरीने दिलेल्या गंधक वायूचा होय. त्याचा दोष बागाइतदाराने स्वतःकडे घेऊ नये.

वजन कोणाचे जाते

निफाड भागातील एका बागाइतदाराने या विषयावर एकदा चांगला प्रश्न केला : “साहेब, वजन आमचं जातं अन् गोडी त्यांची वाढते, हा कुठला हिशेब?” हिशेब असा आहे. घड पूर्ण पिकल्यावर पुढे ब्रिक्स चढतो, तो मुख्यतः पाणी उडाल्यामुळे. साखर नव्याने फारशी येत नाही. २२ ब्रिक्सच्या १०० किलो द्राक्षांत सुमारे २२ किलो साखर धरली, तर तीच साखर ३० ब्रिक्सला ७३ किलो द्राक्षांत सामावते. २७ किलो पाणी हवेत जाते. बेदाणा करणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही, कारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा हे त्याने पाहिलेले असते. तेव्हा २२ ब्रिक्सला किलोमागे ४० रुपये दर ठरला असेल, तर ३० ब्रिक्सला केवळ नुकसान भरून येण्यासाठी सुमारे ५५ रुपये मिळाले पाहिजेत. गळ, पाखरे, उन्हाने भाजलेले मणी, आणि जादा दिवसांची राखण हे सर्व त्याहून वेगळे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये झालेली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेलीवरच्या प्रत्येक जादा दिवसाची किंमत निराळी सांगावयास नको. हा धोका कोणी उचलावयाचा, हे करारात स्पष्ट असावे, आणि दर ब्रिक्सनुसार चढता लिहून घ्यावा. केवळ टनावर दर असलेल्या करारात घड राखून ठेवण्यास होकार देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वेलीचाही हिशेब आहे. तोडणीनंतर व एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी वेल पानांच्या आधारे अन्नसाठा करून घेते. घड मार्चअखेरपर्यंत लटकत राहिले, तर ही विश्रांती संपूनच जाते व पुढील हंगामात घडनिर्मितीवर परिणाम होण्याचा संभव असतो. यास्तव संपूर्ण बाग न राखता सशक्त वेलींचा, पण बेताचे घड असलेला भाग निवडावा. अशा भागाची छाटणी थोडी आधी घेतली, तर मणी थंडीतच सुकू लागतात व आंबटपणा अधिक टिकतो. मात्र आधीच्या छाटणीस परतीचा पाऊस गाठतो व केवड्याचा धोका वाढतो. आपल्या शिवारात कोणते भय मोठे, याचा विचार बागाइतदाराने स्वतः करावा. राखलेल्या भागात पश्चिमेकडील पाने काढू नयेत आणि पाणी एकाएकी तोडू नये.

दर दोन-तीन दिवसांनी सकाळी ऊन चढण्यापूर्वी निरनिराळ्या वेलींवरून, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून मिळून शंभर मणी घ्यावेत. ते एकत्र चुरडून रस गाळावा व ब्रिक्स पाहावा. वाइनरीकडून त्याच रसाचे आम्ल व सामू तपासून घ्यावेत. त्यानंतर उरलेल्या रसाचा घोट घेऊन तोंडात फिरवावा व थुंकून टाकावा. ब्रिक्स चढत आहे, पण लाळ सुटणे कमी होत आहे, असे लागोपाठ दोन वेळा आढळले, तर ठरविलेल्या ३० ब्रिक्सची वाट न पाहता वाइनरीस त्याच दिवशी कळवावे आणि पहाटेच्या गारव्यात तोडणी सुरू करावी. तोडलेले क्रेट उन्हात ठेवू नयेत. ते सकाळी नऊच्या आत वाइनरीच्या काट्यावर पोहोचतील अशी गाडीची व्यवस्था आदल्या दिवशीच करून ठेवावी.